मदत हवी आहे : तारेच्या आतील चुंबकीय सदिश विभव

त्रिज्या आर असलेल्या, अमर्याद लांबीच्या सरळ तारेतून विद्युतधारा आय संपूर्ण छेदावर एकसमान वाहत असताना, तारेच्या आतील सदिश विभव (ज्याचा कर्ल घेतला की चुंबकीय क्षेत्र मिळते ती सदिश राशी) मी काढतो आहे. अक्षापासून एस अंतरावर अँपिअरच्या नियमाने चुंबकीय क्षेत्र म्यू-शून्य (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक) × आय × एस ÷ (२ × पाय × आर-वर्ग) येते. विभव धारेच्याच दिशेत धरून संकलन केले, तर उणे म्यू-शून्य × आय × एस-वर्ग ÷ (४ × पाय × आर-वर्ग) अधिक एक स्थिरांक मिळतो. लाप्लासियन (विभवाच्या दुसऱ्या अवकलजांची बेरीज) घेऊन पडताळले, तो उणे म्यू-शून्य × धारा-घनता यायला हवा, तेही जुळले.

अडचण स्थिरांकाची आहे. बाहेरील विभवात लॉगरिदम असल्याने अनंतावर शून्य धरता येत नाही. मग पृष्ठभागावर शून्य धरणे ही केवळ सोय आहे का, आणि तेथे विभव सलग असलाच पाहिजे हे नेमके कशावरून सिद्ध करावे? कृपया जाणकारांनी समजावून सांगावे.