पाळी गेल्यानंतरची अंगदुखी आणि ‘ड’ जीवनसत्त्व : पुड्या किती काळ घ्याव्यात?

नौपाडाकर
नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची असून तिची पाळी जाऊन सात वर्षे झाली. दिवाळीपासून तिच्या मांड्या आणि कंबर दुखते. पण मला खरी काळजी वाटली ती परवा, जेव्हा पूजा आटोपून पाटावरून उठताना तिने आधी भिंत धरली आणि मग माझा हात मागितला. रक्ततपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम आले. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे लिहून दिली आहे. आई रोज पहाटे साडेपाचला तलावपाळीवर फेऱ्या मारते, मग कमतरता कशी? आणि पुड्या पुढेही चालू ठेवाव्यात का?

कोपरीची फिजिओ
उन्हातल्या ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते, ते सूर्य बराच वर आल्यावर, म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असतानाच पुरेसे मिळतात. पहाटे ते नसतात आणि बाल्कनीच्या बंद काचेतूनही जवळजवळ येत नाहीत. आईंचे फिरणे चांगलेच आहे, ते सोडू नये, फक्त त्यातून ‘ड’ मिळणार नाही.

पाटावरून उठता न येणे मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोठ्या कमतरतेत कंबर-मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि नव्या हाडात कॅल्शियम नीट भरत नाही. हा आजार वेगळा आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने हाडांची झीज वेगाने होते ती वेगळी. या वयात दोन्ही एकत्र असू शकतात. पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर चांगले शोषले जाते. डॉक्टरांची हरकत नसेल तर हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव रोज करून घ्या.

नेरूळची मावशी
पुड्या मनाने चालू ठेवू नका, हे मी स्वतः भोगून सांगते. बरे वाटले म्हणून मी त्या दर आठवड्याला वर्षभर घेत राहिले, शिवाय कॅल्शियमच्या गोळ्याही. सारखी तहान, बद्धकोष्ठता आणि मळमळ सुरू झाली, तेव्हा रक्तात कॅल्शियम वाढल्याचे कळले. कोर्स संपल्यावर पुन्हा तपासणी करून पुढचा डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

वाशीकर
मावशींच्या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिट दिले, तर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले. अमेरिकेत २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट घेऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत, असे २०२२ मध्ये दिसले. मात्र त्यातील बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती. ११ आलेल्या बाईंनी यावरून उपचार टाळणे साफ चुकीचे ठरेल. कमतरता भरून काढायची, पण तेवढ्याने हाडांची झीज थांबली असे धरून चालायचे नाही. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर हाडांसाठी वेगळे औषध लागू शकते. नाचणीची भाकरी आणि दूध-दही यांतून कॅल्शियम मिळेल.

नौपाडाकर
मनापासून आभार. उठण्याचा त्रास आम्ही डॉक्टरांना सांगितलाच नव्हता, आईने फक्त ‘अंग दुखते’ एवढेच म्हटले होते. शनिवारी पुन्हा जातो आहोत. डेक्साविषयी आणि आठव्या पुडीनंतरच्या तपासणीविषयी तेव्हाच विचारतो.