गड्ड्यासाठी जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाय: ट्रिप ३५ की एक्सए२?

चाटीगल्ली

माळा आवरताना बाबांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात १९८६ च्या गड्ड्यातले, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले फोटो आहेत. एकात मी आत्याच्या कडेवर आहे, मागं नंदीध्वजाची काठी आणि ती पेलणाऱ्याच्या बाराबंदीवर पडलेलं ऊन. चेहरा सावलीत गेलाय, पण पांढऱ्या कापडाच्या चुण्या एकूणएक मोजता येतात. कॅमेरा शेजाऱ्यांकडून उसना आणला होता, असं आई सांगते. कॅमेरा परत गेला, बाबाही गेले.

येत्या जानेवारीत मला रोलवरच गड्डा काढायचाय. बजेट आठ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. दोन कॅमेरे नजरेत आहेत, दोन्ही ऑलिम्पस, दोन्ही ३५ मिमीच्या साध्या रोलचे. पुण्यातल्या एकाकडं ट्रिप ३५ आहे आणि मुंबईहून सोलापूरला सुट्टीला आलेल्या एका गृहस्थांकडं एक्सए२. दोघांच्या किमतीत फार फरक नाही. गर्दीत पटकन काढता यावा, पिशवीत मावावा आणि आईलाही दाबता यावा, एवढीच अपेक्षा. सेल लागत नाही म्हणून मी ट्रिपकडं झुकलेय. चुकत असेन तर सांगा.

भुईकोट

ताई, चुकत नाही तुम्ही. डोळे झाकून ट्रिप घ्या. हा कॅमेरा १९६७ ला आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. एखादी वस्तू सतरा वर्षं उगाच विकली जात नाही. भिंगाभोवती जी खवल्याखवल्यांची काच दिसते तो सेलेनियमचा सेल. उजेड पडला की त्यातनं वीज तयार होते, त्या विजेवर काटा हलतो आणि काट्यावरनं कॅमेरा स्वतः छिद्र ठरवतो, म्हणजे भिंगातनं किती उजेड आत घ्यायचा ते. शटरला वेग फक्त दोन, सेकंदाचा १/४० आणि १/२०० भाग. कोणता लावायचा तेही तोच बघतो. उजेड पुरेसा नसला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दबतच नाही. रोल वाया जाऊ देत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. आज एक कलर रोल हजाराच्या घरात जातो, छत्तीस फोटोंचा हिशोब तुम्हीच करा.

आणि बिघडला तर? स्क्रू काढले की आत गियर, स्प्रिंगा आणि पाती. घड्याळ दुरुस्त करणारा हुशार माणूससुद्धा तो उघडून परत बसवू शकतो. माझ्या ट्रिपची पाती तेलकट होऊन चिकटली होती. नवी पेठेत बसणाऱ्या एका आजोबांनी ती पेट्रोलनं पुसून दिली, अजून ठणठणीत आहे.

पूर्व भाग

मालक, ट्रिप चांगला आहे, त्यात वाद नाही. पण ताईंनी सांगितलेल्या कामाला तो कमी पडतो, आणि ते कुठं ते कुणीतरी सांगायला पाहिजे.

एक्सए२ हा १९८० चा. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम, ट्रिप त्याच्या जवळपास दुप्पट. पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा चालू, बंद केलं की भिंग झाकलं गेलं. पिशवीत शेंगाचटणीच्या पुडीशेजारी टाकलात तरी काचेला ओरखडा नाही. अंतराचे तीनच टप्पे आहेत आणि झाकण लावलं की खटका आपोआप मधल्या टप्प्यावर येतो. आईंनी उघडायचं आणि दाबायचं, बस्स. ट्रिपमध्ये मागच्या वेळी कुणी अंतराचं कडं फिरवून डोंगराच्या चित्रावर ठेवलं असेल तर पुढचे दहा फोटो धूसर. मी स्वतः असा अख्खा रोल घालवलाय, बहिणीच्या हळदीचा. ती हळद परत होणार नाही.

दुसरं म्हणजे उजेड. सोलापूरचं दुपारचं ऊन जानेवारीतही कसं असतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल घातलात तर ट्रिपचा १/२०० वेग आणि सगळ्यात बारीक छिद्र दोन्ही मिळून जेमतेम पुरतात. एक्सए२ चं शटर १/७५० पर्यंत जातं. उलट अंधारात ते दोन सेकंदांपर्यंत उघडं राहतं. होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला जाणार ना? ट्रिप तिथं लाल पट्टी दाखवून बसेल. एक्सए२ कट्ट्यावर टेकवून ठेवा, लाल बटणाला नुसतं बोट लावलं तरी सुटतं, त्यामुळं हलत नाही.

भुईकोट

१/७५० हवंच कशाला? २०० चा रोल घाला. कडक उन्हात छिद्र १६ वर ठेवायचं आणि वेग रोलच्या आकड्याइतका, हा जुना हिशोब फोटोग्राफर लोक तोंडपाठ म्हणायचे. म्हणजे २०० च्या रोलला १/२००. ट्रिपला हेच तर येतं. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा दुपारच्या उन्हात असतो, तो कॅमेरा जणू त्याच्यासाठीच केलाय.

तुमच्या एक्सए२ चं सांगू का? त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बटणाखालचा सेन्सर गेला की कॅमेरा गेला. सोलापुरात सोडा, पुण्यातही कुणी हात लावायला तयार होत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या जुन्या सर्किटवर आठ हजार लावायचे? आणि अंधारात शटर सुटतं हा गुण कसा? आपल्या भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात २०० चा रोल घालून हातात धरून काढा. सेकंदाचा पंधरावा भाग लागेल. धोटा हललेला, माणूस हललेला, कॅमेराही हललेला.

पूर्व भाग

शेडमध्येच वाढलोय मालक, म्हणून बोलतोय. आमच्या शेडमध्ये एक्सए२ वर काढलेला वडिलांचा फोटो आहे. मी खांबाला टेकून उभा होतो. धोटा पुसटसा पांढरा पट्टा झालाय, ताणा सरळ रेषांनी उभा आहे आणि वडिलांचा हात दांड्यावर स्थिर. उजेड कमी आहे हे सांगायला व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा दिवा लागतो, म्हणजे इशारा तोही देतो. पण काढायचा की नाही ते माझ्यावर सोडतो. तुमच्या ट्रिपनं तो फोटो काढूच दिला नसता. वडील आता मागावर बसत नाहीत.

दुरुस्तीचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. बिघडला तर गेला.

कडक भाकरी

तुम्ही दोघं भांडताय आणि ताईंचे आठ हजार चाललेत. मी वीस वर्षं स्टुडिओ चालवला, रोल धुतले, प्रिंटा काढल्या. माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. आत्ता काहीच घेऊ नका.

घरोघरी कपाटात कोडॅकचा केबी १० नाहीतर याशिकाचा एमएफ-२ सुपर पडलेला असतो. लग्नात, बारशाला आपण तेच वापरले. नातेवाइकांना फोन करा, कुणीतरी फुकट देईल. अंतर लावायची भानगड नाही, उन्हात फोटो स्वच्छ येतात. त्यात एक रोल घाला, पूर्ण करा, धुऊन आणा. खर्च कॅमेऱ्यावर होत नाही, रोलवर आणि धुलाईवर होतो. आपल्या गावात कलर रोल धुऊन स्कॅन करून द्यायची सोय जवळपास संपली आहे, पुण्याला कुरिअर करावं लागतं. रोलची किंमत, कुरिअर, धुलाई, स्कॅन असं एकदा खिशातनं जाऊ दे. त्यानंतरही हौस टिकली तर कॅमेरा घ्या. हौस विकत घेतलेली माणसं मी दुकानात फार पाहिली, तिसऱ्या रोलला येत नाहीत.

चाटीगल्ली

काका, तुमचं पटतंय, पण सगळं नाही. बाबांच्या त्या फोटोतल्या चुण्या प्लॅस्टिकच्या भिंगात येतील का? माझा सगळा जीव त्या चुण्यांत आहे. आणि एमएफ-२ खरंच मामांकडं निघाला, पण सेलच्या कप्प्यात हिरवी बुरशी धरलीय आणि मागचं दार उघडलं तर काळं डांबरासारखं काहीतरी अंगठ्याला चिकटलं. साबणानं निघेना, शेवटी खोबरेल लावलं.

भुईकोट

ते डांबर म्हणजे दाराच्या फटीतला स्पंज. उजेड आत शिरू नये म्हणून कंपनी लावायची, वयानं तो विरघळतो. जुन्या कोणत्याही कॅमेऱ्यात हे होणार, ट्रिपमध्येही आणि एक्सए२ मध्येही. त्याला घाबरून कॅमेरा टाकू नका. बांबूच्या काडीनं खरवडायचं, स्पिरिटनं पुसायचं आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवायचा. मात्र मधल्या पडद्याच्या पात्यांना बोट लागता कामा नये.

हिप्परगा

मधेच दोन गोष्टी. मी एकदा रोलाय ३५ घेतला, १९६६ चं डिझाइन, बघताक्षणी प्रेमात पडावं असं. विकणारा म्हणाला उजेड मोजणारं मीटर चालू आहे. चालू होतं, पण ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेलं. ते सेल आता मिळत नाहीत. मी १.५ चा साधा बटण सेल घातला आणि पूर्ण रोल चुकला. कॅननेट क्यूएल १७ लाही हाच त्रास. त्या मानानं एक्सए२ ला घड्याळवाल्याकडचे एलआर ४४ दोन टाकले की झालं, हे पूर्व भागवाल्यांच्या बाजूनं मोजा.

आणि कुणी स्वस्तात एपीएस नावाच्या वेगळ्या रोलचा कॅमेरा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याचा रोल २०११ मध्येच बंद झाला.

पैशाचा प्रश्न असेल तर ऑलिम्पस पेन ईई चा विचार करा. अर्धी फ्रेम आहे, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. सेल नाही, ट्रिपसारखाच सेलेनियम.

कडक भाकरी

अर्ध्या फ्रेममध्ये चुण्या मागताय ताई, त्या अर्ध्याच येणार. निगेटिव्ह मोठं असेल तेवढा तपशील जास्त. म्हणून पेन नको, हे मी माझ्या मताविरुद्ध जाऊन सांगतो.

चुण्यांचंच म्हणत असाल तर भिंगाआधी एक्स्पोजर बघा. मीटर कोणताही असो, पांढरं खूप दिसलं की तो फसतो आणि उजेड कमी घेतो. बाराबंदी राखाडी येते, चेहरे काळे. कॅमेऱ्यावर २०० च्या रोलला १०० लावा, एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड जाईल. कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड सोसतं, कमी सोसत नाही. तुमच्या बाबांच्या फोटोत चेहरा सावलीत का गेला, त्याचं हेही एक कारण असू शकेल.

आणि ब्लॅक अँड व्हाइट काढलात तर मी स्वतः धुऊन देईन, पैसे नकोत. त्याच्या डेव्हलपरला, म्हणजे रोल धुवायच्या रसायनाला, पाणी वीस अंशांचं लागतं. मे महिन्यात आपल्या टाकीतलं पाणी कलर रोल धुवायला लागणाऱ्या अडतीस अंशांजवळ गेलेलं असतं, तेव्हा बर्फ टाकून टाकून जीव जातो. गड्ड्याच्या दिवसांत पहाटे बादली भरून ठेवली की काम होतं. फक्त नळाला पाणी येण्याचा दिवस बघून या. धुतलेला रोल खळखळून निघाला पाहिजे, आणि चार-पाच दिवसांनी येणारं पाणी साठवून वापरणाऱ्या घरात ते परवडत नाही.

पूर्व भाग

ताई, आता वाद बाजूला. दोन्ही कॅमेरे हातात घेऊन बघा, ऐकीव माहितीवर पैसे देऊ नका.

ट्रिप: भिंग तळव्यानं झाका आणि बटण दाबा. लाल पट्टी आली पाहिजे, बटण अडलं पाहिजे. एवढ्यावर सगळे खूश होतात. पण यातनं सेलेनियमच्या सेलबद्दल काहीच कळत नाही, सेल पूर्ण मेला असेल तरी पट्टी येणारच. म्हणून घरात खिडकीपासून थोडं आत उभं राहा. कड्यावर रोलचा आकडा २५ लावून दाबा, पट्टी यावी. त्याच जागी ४०० लावून दाबा, शटर सुटावं. दोन्हीकडं पट्टीच आली तर सेल थकलाय. तो थकला की मग भुईकोट मालकांच्या आजोबांकडंही औषध नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यातला काढून बसवावा लागतो.

एक्सए२: नवे सेल घेऊन जा. खालची पट्टी फिरवली की पीप वाजून दिवा लागतो. मागचं दार उघडून एकदा खिडकीकडं, एकदा टेबलाखाली धरून दाबा. उजेडात टिक, अंधारात टिक आणि थोड्या वेळानं टक. त्या दोन आवाजांतलं अंतर म्हणजे मीटर जिवंत. मोबाइलची बॅटरी भिंगामागनं मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. कॅमेरा मुंबईचा आहे, तिथल्या दमटपणात हे फार होतं. आपल्याकडं हवा कोरडी, पण मुंबईत लागलेली बुरशी इथं येऊन जात नाही.

चाटीगल्ली

दोन्ही बघून आले. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले, रात्री परत.

ट्रिप दिसायला नवाकोरा होता. तळव्यानं झाकल्यावर पट्टी आली, विकणारा म्हणाला बघा, ओके आहे. मग मी खिडकीपासून चार पावलं आत गेले. २५ वर पट्टी, ४०० वर पण पट्टी. खिडकीला टेकून धरला तेव्हा कुठं शटर सुटलं. त्यांनाही माहीत नसावं, ते ओशाळले. पैसे कमी करतो म्हणाले, मी नको म्हटलं.

एक्सए२ आज सकाळी पाहिला. पीप वाजली. टेबलाखाली टिक आणि बऱ्याच वेळानं टक. आईनं हातात घेतला, झाकण सरकवलं, माझ्याकडं धरला आणि विचारलं, "एवढंच?" भिंग स्वच्छ, फक्त दारातला स्पंज पार विरघळलाय. साडेसात हजाराला घेतला. उरलेल्या पाचशेत काकांच्या डेव्हलपरची बाटली येते का बघते.

भुईकोट दादा, तुमचं दुरुस्तीचं म्हणणं डोक्यात आहे. हा बंद पडला तर बंद पडला, हे मनाशी धरूनच घेतलाय.

भुईकोट

मी माझं मत बदलत नाही. सेल चांगला असलेला ट्रिप मिळाला तर तोच घ्यायचा, हे पुढच्या माणसालाही सांगेन. पण थकलेल्या सेलचा घेतला नाहीत ते बरं केलंत, ती चाचणी मी माझ्या पहिल्या पोस्टमध्येच सांगायला हवी होती.

लोकर आणू नका, माझ्याकडं काळी लोकर आणि स्पिरिट दोन्ही आहे. रविवारी दहाला किल्ल्याच्या दारात या, बागेत बाकावर बसून अर्ध्या तासात दार बसवून देतो. आईंनाही आणा. पहिला रोल घालताना टोक खाचेत कसं अडकवायचं ते त्यांनाच दाखवतो.