दम्याचा पंप घरात कसा निभावता? अनुभव लिहा

सुरुवात मी करते. लेकाला दोन पंप दिलेत. सालब्युटामॉलचा धाप लागली की, ब्युडेसोनाइडचा रोज दोन वेळा. पहिल्याने आवळलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैल होतात, पण आतली सूज तशीच राहते. ती उतरवायचं काम दुसऱ्याचं, त्याला काही आठवडे लागतात. सासूबाईंचा प्रश्न असायचा, "पोरगं छान खेळतंय, मग रोज औषध कशाला? सवय लागेल." पुढच्या खेपेला त्यांनाही डॉक्टरांकडे नेलं. पंपातून औषध किती थोडं जातं, याचा डॉक्टरांनी हिशेबच मांडला: सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग! आता संध्याकाळचा पंप आजीच देते.

लातूरहून लिहितोय. सोयाबीनची मळणी आली की दादांना दवाखान्यात वाफ ठरलेली. नव्या डॉक्टरांनी औषध न बदलता आधी "घेऊन दाखवा" म्हटलं. दादांचं रोटाकॅप आहे, म्हणजे कॅप्सूलमधली भुकटी यंत्रातून ओढायची, आणि ते हळूच ओढायचे. फवाऱ्याच्या पंपाला हळू ओढणं बरोबर, पण भुकटीला जोर लागतो. आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचा आणि दहा सेकंद धरायचा. कॅप्सूलमध्ये भुकटी उरली तर पुन्हा ओढायचं. शेवटी चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. यंदा मळणीत दादा रात्रभर झोपले. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना एकदा घेऊन दाखवाच.

रत्नागिरी. स्पेसर, म्हणजे फवाऱ्याच्या पंपाला लावायची पोकळ नळी, मी साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवते. फडक्याने पुसला की स्थिर विजेमुळे औषध आतच चिकटतं.

माझं नाशिकला औषधाचं दुकान आहे. दर महिन्याला सालब्युटामॉल न्यायला येणाऱ्याला मी थांबवतोच. २०० दाबांचा पंप महिन्यात संपतो म्हणजे दमा आटोक्यात नाही. 'गिना' या दम्याच्या जागतिक संस्थेने २०१९ मध्येच सांगितलंय, की मोठ्यांनी आणि किशोरांनी निव्वळ सालब्युटामॉलवर दमा चालवू नये. आणि रंगावरून पंप ओळखू नका, कंपनीगणिक बदलतो, नाव वाचा.

दादांच्या मुलाला विचारायचं होतं: रात्री-अपरात्री त्रास वाढला तर गावात काय करता?

लातूर: डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद दाराला चिकटवलाय. वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा तातडीच्या पंपाने उतार पडला नाही, तर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत दादांना बसतं ठेवून स्पेसरमधून हा तातडीचा फवाऱ्याचा पंप चालूच.