१८एस जीनवरून पॅरामेशियम या एकपेशीय जीवाची नेमकी स्पीशीज ठरवता येते का? मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सी झूलॉजीचं डिझर्टेशन चालू आहे. साताऱ्याकडच्या एका तळ्यातलं पाणी आणून वाळकं गवत घालून कल्चर लावलं, त्यातून पॅरामेशियमची एकच पेशी बारीक पिपेटने उचलून, धुवून तिचं वेगळं कल्चर वाढवलं. स्टेन केल्यावर मोठं केंद्रक एक आणि छोटी दोन दिसतायत, म्हणजे कॉडेटम नाही (त्यात छोटं एकच असतं), ऑरेलिया (दिसायला सारख्या स्पीशीजचा गट). इथपर्यंत ठीक.

मग १८एस जीनच्या कॉपी पीसीआरने वाढवून सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचायला) दिलं, सिक्वेन्स स्वच्छ आलाय, पण ब्लास्ट केला (डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी ताडून पाहिला) तर टेट्राऑरेलिया, प्रायमऑरेलिया आणि अजून दोनतीन ऑरेलिया, सगळे ९९ टक्क्यांच्या वर!! फरक म्हणजे एखाददुसरा बेस (डीएनएचं अक्षर). गाईड म्हणतायत पहिला हिट (यादीत सगळ्यात वर आलेलं नाव) लिही आणि मोकळी हो. मला पटत नाहीये, कारण टोकं थोडी जास्त कापली की पहिला हिटच बदलतोय. ट्री (नात्यांचा वृक्ष) काढला तर सगळे एकाच झुबक्यात आणि बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते सांगणारे आकडे) कुणाला दाखवायच्या लायकीचे नाहीत. आता नाव काय लिहू? दुसरा कुठला जीन करू? पैसे एकाच रनपुरते उरलेत.

अजून एक, मैत्रिणीकडे हिरवं पॅरामेशियम बर्सारिया आहे, तिच्या १८एसला सगळीकडे डबल पीक (एकाच जागी दोन बेसचे सिग्नल) येतायत, ते कशाने?

प्रतिसाद १
पहिला हिट अजिबात लिहू नका. सोनबॉर्नने १९७५ ला ऑरेलियाच्या १४ स्पीशीजना नावं दिली ती कोण कोणाशी कॉन्जुगेशन (मेटिंग) करतं ते बघून, दिसायला सगळ्या जवळपास सारख्याच. १८एस फार सावकाश बदलतो, जीनस-फॅमिली लावायला झकास, इथे त्याचा उपयोग नाही. मायटोकॉन्ड्रियाचा सीओवन जीन करा. प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) सिलिएट्ससाठीचेच (पॅरामेशियमच्या गटाचे) घ्या, प्राण्यांच्या बारकोडिंगवाल्यांवर पैसे घालवू नका. प्रोटीनमध्ये ट्रान्सलेट करताना जेनेटिक कोडचं टेबल ४ लावा, तिथे टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, नाहीतर मधेच स्टॉप दिसतील आणि उगाच घाबराल. तरी सीओवन म्हणजे देववाणी नव्हे, डोडेकऑरेलियाचे स्ट्रेन त्या ट्रीमध्येही एका जागी बसत नाहीत. तोवर 'पॅरामेशियम ऑरेलिया कॉम्प्लेक्स' लिहा, परीक्षकाने विचारलं तर उत्तर देता येतं.

प्रतिसाद २
बर्सारियाचं सोपं आहे, आत हिरवं शैवाल राहतं ना, तेही युकॅरिओटच, त्यामुळे युनिव्हर्सल प्रायमरने त्याचाही १८एस वाढतो आणि दोन सिक्वेन्स एकमेकांवर चढतात. सिलिएट-स्पेसिफिक प्रायमर घ्या नाहीतर क्लोनिंग करून (दोन्ही सिक्वेन्स वेगळे करून) मग पाठवा. एखाद्याच जागी डबल पीक असेल तर मात्र वेगळी गोष्ट, मोठ्या केंद्रकात या जीनच्या ढिगाने कॉपी असतात आणि त्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

धागाकर्ती
खूप थँक्स दोघांनाही! सीओवनचे प्रायमर मागवते, बर्सारियाचं मैत्रिणीला कळवते. मेटिंग करून बघायला टेस्टर स्ट्रेन (ज्यांची स्पीशीज आधीच माहीत आहे असे) लागतील ना, ते भारतात कुठल्या लॅबमध्ये ठेवलेत का, कुणाला माहितीये?