मित्रपथकं निवडताना काय पाहता? नागपूरकर खेळाडूंचा अनुभव धागा

टेबलावरच्या फँटसी युद्धखेळात आपली फौज ठरली, की दुसऱ्या फौजेतली पथकं उसनी घ्यायचा मोह होतोच. काय घ्यावं, कुठे फसतं, ते आकड्यांसकट लिहा.

धरमपेठ
'किंग्ज ऑफ वॉर' या युद्धखेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत मित्रांना, म्हणजे उसन्या पथकांना, फौजेच्या गुणांपैकी (पथकांची किंमत गुणांत असते) २५ टक्के, म्हणजे २००० गुणांत ५००. फौजांच्या गटांपैकी गुड आणि ईव्हिल एकत्र येत नाहीत, न्यूट्रल दोघांकडेही चालतात. आधी फौजेतलं भोक शोधा. ड्वार्फ (बुटक्या योद्ध्यांच्या) पायदळाची चाल ४ इंच, धडक दुप्पट, म्हणजे ८. माणसांचे नाइट (घोडेस्वार) ८ चालतात, १६ इंचांवरून धडकतात. ही जोडी सगळ्यांनाच सुचते आणि फसतेही तिथेच: दुसऱ्या फेरीत घोडे एकटेच शत्रूत घुसतात, पायदळ अजून अर्ध्या वाटेवर. घोडे टेकडीआड कडेला थांबवा. पायदळाने समोरून शत्रूला गुंतवलं की मग सोडा. बाजूने धडकल्यास वार दुप्पट, पाठीमागून तिप्पट. समोरूनच धडकवायचे असतील तर घेता काहून?

महाल
वरच्यात हिशोबाची एक मेख आहे. मित्रफौजेतला हिरो (एकट्याने लढणारा नायक) मित्रफौजेच्याच रेजिमेंट (मध्यम पथक) किंवा होर्डमुळे (मोठं पथक) उघडतो, म्हणजे घेता येतो, आपल्या पायदळामुळे नाही. एका रेजिमेंटमागे दोन ट्रूप (छोटी पथकं) आणि एक हिरो, मॉन्स्टर किंवा वॉर इंजिन. नुसता उडता हिरो हवा असला तरी आधी रेजिमेंटचे गुण मोजावे लागतात. म्हणून किंमत जोडीची धरा.

प्रतापनगर
'एज ऑफ सिग्मार' या दुसऱ्या युद्धखेळवाल्यांनो, आवृत्ती पाहा. तिसरीत २००० ला ४०० गुणांचे मित्र चालायचे. २०२४ च्या चौथीत 'रेजिमेंट ऑफ रिनाउन' नावाचा पथकांचा एक ठरलेला संच घेता येतो, त्यातली पथकं बदलता येत नाहीत. फौजेचे बहुतेक फायदे कीवर्डला (पथकाच्या पानावर छापलेल्या फौजेच्या नावाला) बांधलेले असतात, ते पाहुण्यांना लागत नाहीत. पथकाच्या पानावरचे आकडे कोरडेच वाचा. तेवढ्यावर पटलं तरच घ्या.

मनीषनगर
विकत घेण्याआधी पुठ्ठा कापा, बाप्पा! दहा नाइटांची रेजिमेंट १२५ बाय १०० मिमी, सहा ओगरांचा (धिप्पाड राक्षसांचा) होर्ड १२० बाय ८०. त्यावर नाव लिहून तीन डाव खेळा. दोन पथकांमधून तो तुकडा वळत नसेल तर खरी मॉडेलंही वळणार नाहीत.

रंगवताना बेसची (मॉडेलखालच्या तळाची) कड आणि माती मुख्य फौजेसारखीच ठेवा, शिवाय एक रंग दोन्हीकडे सारखा. नाहीतर सावजी रश्श्यात श्रीखंड सांडल्यासारखं दिसतं. मे महिन्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) दुपारी मारू नका. थेंब हवेतच सुकतो आणि मॉडेलवर खरखरीत भुकटी बसते. पहाटे मारा, नाहीतर ब्रशने लावा. रेझिनचे भाले बंद गाडीत वाकतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे, लगेच थंड पाण्यात धरायचे.

सदर
५०० गुण आहेत म्हणून ५०० संपवायलाच हवेत असं नाही. एकच पथक, एकच काम. दोन फौजांतून थोडं थोडं उचललं की हिरोंवरच निम्मे गुण जातात.