नवशिक्यांना डेटा एथिक्स नेमकं कधी आणि कसं शिकवायचं?

शनिवारची_बॅच
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात शनिवार-रविवार बीएस्सीच्या पोरांना डेटा सायन्स शिकवतो, पायथन, पांडाज (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी), थोडं रिग्रेशन (आकड्यांवरून दुसऱ्या आकड्याचा अंदाज बांधणं). शेवटच्या दिवशी एक तास एथिक्सचा ठेवतो आणि खरं सांगतो, तो तास वाया जातो. स्लाइडवर प्रायव्हसी, बायस (डेटातला किंवा मॉडेलमधला पक्षपात), कन्सेंट, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, सगळं असतं, पण पोरं माना डोलावतात आणि निघून जातात. मागच्या बॅचला एकानं विचारलं, "सर, जातीचा आणि जेंडरचा कॉलम ड्रॉप केला, म्हणजे काढून टाकला, की झालं ना, मग बायस येणार कुठून?" मला नीट उत्तर देता आलं नाही, ते अजून डोक्यात आहे. तुम्ही लोक कसं शिकवता?

कॉलमवाली
सर, पहिलं म्हणजे शेवटचा दिवस सोडा. मी रिग्रेशनच्या पहिल्याच तासाला बोस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटा देते, ५०६ ओळी, मूळ पेपर १९७८ चा. मॉडेल (डेटावरून अंदाज करणारा प्रोग्राम) लावायच्या आधी प्रत्येकाला एकेक कॉलम वाटून द्यायचा आणि त्याचा अर्थ वर्गात सांगायला लावायचा. ज्याच्याकडे 'बी' कॉलम येतो तो अडखळतोच, कारण शंभरावर ओळींमध्ये एकच आकडा, ३९६.९०. मग फळ्यावर फॉर्म्युला लिहायचा: वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणातून ०.६३ वजा, त्याचा वर्ग, गुणिले १०००. प्रमाण शून्य ठेवून बघा, बरोब्बर ३९६.९ येतं. म्हणजे त्या शंभरावर वस्त्यांत एकही काळा माणूस राहत नव्हता. वर्ग एकदम शांत होतो. मग विचारायचं, ०.६३ कुणी ठरवलं? वजाबाकीचा वर्ग का केला? काळ्यांची वस्ती वाढली की घरांची किंमत पडते आणि एका मर्यादेपुढे परत चढते, हे लेखकांनी आधीच गृहीत धरलं आणि तेच कॉलममध्ये भरलं. इतकी वर्षं जगभरातले नवशिके याच्यावर सराव करत आले. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीच्या १.२ व्हर्जनपासून हा डेटासेट काढलाय, पण इम्पोर्ट करायला गेलं की जो एरर येतो त्यातच लिहिलंय की एथिक्स शिकवायला हवा असेल तर वापरा, आणि खाली कोडही दिलाय. पोरांना तो एरर मोठ्यानं वाचायला लावा.

पुसलेली_नावं
कॉलम ड्रॉप करण्यावरून माझा अनुभव सांगतो, अजून वाईट वाटतं. मी एका कॉलेजमध्ये शिकवायचो तेव्हा तिथल्याच मुलांच्या मार्कांची शीट प्रॅक्टिकलला दिली होती, नाव आणि रोल नंबर काढून. पिन कोड, जन्मतारीख, जेंडर तसंच ठेवलं होतं, म्हटलं यातून काय कळणार. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे ही आपल्यातलीच आहे, हा पिन तिच्याच गावचा." तिचे राहिलेले विषय, फी सवलत, सगळं त्या ओळीत होतं. त्या मुलीनं वही मिटली आणि उठून गेली. मी दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली, पण एकदा बघितलेलं कुणी न बघितलेलं होत नाही.
हेच लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेत दाखवलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा दवाखान्याचा डेटा नावं काढून दिला जायचा, त्यांनी गव्हर्नर राहत होते त्या तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला घेतली आणि दोन्ही जुळवून खुद्द गव्हर्नरचं रेकॉर्ड शोधलं. यादीत गव्हर्नरच्या जन्मतारखेचे सहा जण, त्यातले तीन पुरुष आणि त्यांच्या झिप कोडमध्ये (तिकडचा पिन कोड) एकटे तेच. वर्गात हे सांगायचं तर खोटी, बनवलेली शीट वापरा, पोरांची खरी नको.

दवाखाना_डेटा
दादा, तुमच्या त्या मुलाचा प्रश्न चांगलाय, त्याला २०१९ चा ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगा. अमेरिकेतल्या दवाखान्यांत जास्त काळजीची गरज कुणाला हे ठरवणारं मॉडेल होतं, त्यात वंशाचा कॉलम नव्हताच. पण 'किती आजारी' याच्या जागी 'उपचारावर किती खर्च झाला' हे धरलं होतं, आणि काळ्या पेशंटवर तेवढ्याच आजाराला खर्च कमी होत आलेला, म्हणून मॉडेलला ते कमी आजारी वाटायचे. भेदभाव काढला तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं. म्हणजे गडबड टार्गेटमध्येच, मॉडेलला जे ओळखायला सांगितलं त्यातच होती, ड्रॉप काय करणार? आणि आपल्याकडे तर जातीचा कॉलम काढला तरी आडनाव राहतं, आडनाव काढलं तरी पिन आणि शाळेचं माध्यम राहतं. पोरांना एवढंच करायला लावा, उरलेल्या कॉलमवरून काढलेला कॉलम ओळखायचं मॉडेल बांधा. जमलं की उत्तर त्यांच्या स्क्रीनवरच असतं.

शनिवारची_बॅच
सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या शनिवारी नवीन बॅच सुरू होतेय, पहिल्याच तासाला 'बी' कॉलम घेतो. आणि त्या मुलाला आजच फोन करून बोलावतो, काढलेला कॉलम ओळखायचं मॉडेल त्याच्याकडूनच बांधून घेतो. बनवलेली शीट कुणाकडे तयार असेल तर पाठवा, नाहीतर मी रात्री बसून करतो.