मदत हवी आहे: माशाच्या परापासून हातापर्यंतचा दुवा वर्गात कसा दाखवावा?

दहावीच्या उत्क्रांतीच्या धड्यासाठी खरी हाडं मांडतोय: कोंबडीचा पंख, बोकडाचा पुढचा पाय, तापीतला रोहू. भुसावळच्या मटण मार्केटात सगळं मिळतं.

साफसफाई जमलीय. मंद आचेवर शिजवायचं, खळखळ उकळलं की चरबी हाडात मुरते आणि पिवळे डाग पडतात. मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात दोन-तीन दिवस, शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस. ब्लीच नकोच, हाड भुसभुशीत होतं.

पंखात दंडाचं एक हाड, पुढे दोन, टोकाला तीन बोटं. पोरं लगेच ओळखतात. बोकडात ती दोन हाडं जुळलेली, म्हणून थोडी गडबड. पण खरा घोळ रोहूपाशी. त्याच्या परात नुसते काटे, दंडाचं हाडच नाही, आणि पोरं काट्यांनाच बोटं समजतात! आपला दुवा मांसल पराच्या माशांकडून येतो, त्यांच्या परात दंडाचं हाड असतं. उदाहरणार्थ टिकटालिक, कॅनडात २००४ साली सापडलेला अशा माशाचा जीवाश्म, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा.

त्याच्या पराची प्रतिकृती मातीत किंवा थर्माकोलात कुणी केलीय का? मापं कशी धरली? रोहू मांडणीतून काढावा की ‘वेगळी फांदी’ म्हणून ठेवावा?